कोंबडी अंड्याला काय देते?

गावाकडे ज्यांचे बालपण गेले त्यांना खुडूक कोंबडी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. दहा-बारा अंडी घालून झाली की एखादी कोंबडी एके दिवशी पाटीतून उठतच नाही. पिसे फुलवून बसते, जवळ हात नेला की चोच मारते, आणि तिच्या नेहमीच्या कलकलाटाच्या जागी घशातल्या घशात एकसुरी खुडखुड सुरू होते. मग घरातली जाणती बाई निर्णय घेते. पिल्ले हवी असतील तर पाटीत राख आणि पेंढा पसरून दहा-बारा निवडक अंडी तिच्याखाली सरकवायची. नको असतील तर तिला पाण्यात बुचकळायचे, नाकपुडीत पीस खोवायचे आणि तिचे खुडूकपण मोडायचे. बसवली तर एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात.

या एकवीस दिवसांत कोंबडी अंड्याला नेमके काय देते? वर्गात हा प्रश्न विचारला तर उत्तर एका शब्दात येते: ऊब. उत्तर चूक नाही. पण ही ऊब जिवंत प्राण्याचीच लागते की विस्तवाचीही चालते, आणि नुसती ऊब पुरते का, हे प्रश्न माणसाने दोन हजारांहून अधिक वर्षे घोळवले आहेत. जीवविज्ञानातले काही मोठे वाद या कोंबडीच्या पोटाखालच्या अंड्यांवरूनच झाले. शिवाय या हकीकतीचा शेवट थोडा चमत्कारिक आहे. कोंबडी काय करते हे आपल्याला पुरते उमगेपर्यंत जगातल्या बहुसंख्य कोंबड्या ते करायचे विसरून गेल्या होत्या.

रोज एक अंडे

हिपॉक्रेटीस या ग्रीक वैद्याच्या नावावर जो ग्रंथसंग्रह आहे, त्यात गर्भाच्या वाढीवर एक लहानसा ग्रंथ आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीस किंवा चौथ्याच्या आरंभी तो लिहिला गेला असावा. माणसाचा गर्भ पोटात कसा वाढतो हे काही उघडून पाहता येत नाही. तेव्हा लेखक वाचकाला एक प्रयोग सुचवतो. वीस किंवा त्याहून अधिक अंडी घ्या, ती दोन किंवा अधिक कोंबड्यांखाली ठेवा, आणि दुसऱ्या दिवसापासून पिल्ले बाहेर पडेपर्यंत रोज एक अंडे काढून फोडून पाहा.

प्रयोग किती साधा, पण किती पक्का! रोजचे अंडे वेगळे असले तरी सगळ्यांचा आरंभ एकाच दिवशी झालेला. म्हणून वीस निरनिराळी अंडी ओळीने पाहिली की एकाच पिल्लाची वाढ पाहिल्यासारखे होते. उपकरण म्हणून काय लागले? एक खुडूक कोंबडी. आम्ही गर्भविज्ञानवाले आजही मूलतः हेच करतो, फक्त कोंबडीच्या जागी पेटी आली आहे.

ॲरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४–३२२) हा प्रयोग बारकाईने केलेला दिसतो. तीन दिवस आणि तीन रात्री गेल्यावर पांढऱ्यात रक्ताच्या ठिपक्याएवढे हृदय दिसते आणि ते सजीवासारखे उडते, असे त्याने नोंदवले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर हृदयाची धडधड दुसऱ्याच दिवशी सुरू झालेली असते. पण नुसत्या डोळ्यांना दिसते ते तिसऱ्या-चौथ्या दिवशीच, तेव्हा ॲरिस्टॉटलला दोष देण्याचे कारण नाही. विसाव्या दिवशी अंडे फोडले तर आतले पिल्लू हलते आणि आवाज करते, हीही त्याचीच नोंद. उन्हाळ्यात अठरा दिवसांत पिल्ले निघतात आणि हिवाळ्यात कधी पंचवीस लागतात, असेही तो म्हणतो.

ऊब कशाची, या प्रश्नावर मात्र ॲरिस्टॉटलचे मत ठाम होते. अग्नीच्या उष्णतेतून कोणताही प्राणी उत्पन्न होत नाही. सूर्याची आणि प्राण्यांच्या देहाची उष्णता वेगळ्या जातीची आहे, तिच्यात जीव घडवण्याचे सामर्थ्य आहे. हे मत पुढे फार काळ टिकले. गंमत अशी की त्याला अडचणीची ठरणारी माहिती त्याने स्वतःच लिहून ठेवली होती. ईजिप्तमध्ये लोक अंडी उकिरड्यात पुरून उबवतात, असे तो सांगतो. त्याला जोडूनच सिराक्यूजच्या एका दारुड्याची गोष्ट येते. या गृहस्थाने चटईखाली मातीत अंडी ठेवली आणि ती फुटेपर्यंत वर बसून अखंड मद्यपान केले म्हणे. गोष्टीचा खरेखोटेपणा त्या दारुड्यालाच ठाऊक.

रोमन लोक ग्रीकांपेक्षा व्यवहारी. त्यांच्या शेतीविषयक ग्रंथांत खुडूक कोंबडीवर पानेच्या पाने आहेत. वारो हा लेखक सांगतो की अंडी बसवल्यावर चार दिवसांनी ती उजेडासमोर धरावीत. आत काही दिसले नाही, सगळे स्वच्छ असले, तर ते अंडे काढून टाकावे. ही परीक्षा आजही तशीच आहे. कोलुमेला अंड्यांची संख्या विषम असावी म्हणतो, आणि ऋतू जसा उबदार होत जाईल तशी ती वाढवायला सांगतो. विषम संख्येचे सोडून द्या, पण ऋतूनुसार संख्या बदलण्यात चांगलेच शहाणपण आहे. गारठ्यात कोंबडीच्या पोटाबाहेर राहणारे कडेचे अंडे वाया जाते. अंडी अधूनमधून हाताने फिरवावीत, असा सल्लाही या काळात दिला जाई. का फिरवावीत, तर सगळीकडून सारखी ऊब लागावी म्हणून. हे कारण अर्धेच बरोबर होते, ते पुढे पाहू.

प्लिनीने एका राणीची हकीकत दिली आहे. लिव्हिया गरोदर असताना मुलगा होणार की मुलगी हे जाणण्यासाठी तिने एक अंडे छातीशी उबवले. स्वतःला बाजूला ठेवावे लागले तर ती ते दाईच्या छातीशी देई. ऊब तुटू द्यायची नाही. अंड्यातून नर निघाला आणि राणीला मुलगा झाला, तो पुढचा सम्राट टायबेरियस. शकुन जाऊ द्या. पण अंड्याला कोंबडीचीच गरज नाही, दुसऱ्या एखाद्या प्राण्याची ऊबही चालते, एवढे या हकीकतीत आहे.

विस्तवावरची पिल्ले

ईजिप्तमधल्या लोकांनी ॲरिस्टॉटलचा सिद्धान्त वाचला नसावा, कारण ते विस्तवावर पिल्ले काढीत होते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या डायोडोरस या इतिहासकाराने लिहिले आहे की तिथले कुक्कुटपालक पक्ष्यांना अंड्यांवर बसवीतच नाहीत, आपल्या हातांनी पिल्ले काढतात. पुढच्या काळातल्या प्रवाशांनी या भट्ट्यांची वर्णने केली आहेत. कच्च्या विटांची इमारत, मधून एक बोळ, दोन्ही बाजूंना एकावर एक अशा कोठड्या. खालच्या कोठडीत हजारो अंडी, वरच्या कोठडीत शेण आणि काडीकचरा यांचा धुमसता विस्तव. भट्टीची माणसे आतच राहत, आतच झोपत, आणि अंडी वरचेवर फिरवीत. अर्ध्याहून अधिक मुदत गेली की विस्तव बंद करीत, कारण तोवर वाढलेली पिल्ले आपली ऊब आपणच तयार करू लागत.

तापमापक नव्हता. मग अंदाज कसा घेत? अंडे उचलून डोळ्याच्या पापणीला लावून. पापणीची कातडी पातळ आणि संवेदनशील असते, आणि हयात त्याच कामात गेलेल्या माणसाला अंशाच्या भागाचाही फरक कळत असला पाहिजे. ही विद्या नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या बेर्मे नावाच्या गावच्या लोकांकडे होती, आणि ते ती बाहेर देत नसत. बापाकडून मुलाकडे, एवढाच तिचा प्रवास. गावोगावच्या भट्ट्या चालवायला हेच लोक जात. करार असा, की दिलेल्या तीन अंड्यांमागे दोन पिल्ले परत करायची. त्याहून अधिक निघाली तर ती भट्टीवाल्याची.

युरोपातल्या राजांनी हे कसब आपल्याकडे आणण्याची खटपट पुष्कळ केली, पण ते रुजले नाही. भट्टी बांधता येते, पापणी आणता येत नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने पाऱ्याच्या साहाय्याने स्वतःचा ताप स्वतः आवरणारी भट्टी बनवली आणि ती अंडी उबवायला वापरली. तापनियंत्रकाचा हा अगदी पहिला नमुना. म्हणजे आज आपल्या इस्त्रीत आणि फ्रिजमध्ये जे बसलेले असते त्याचा पूर्वज खुडूक कोंबडीची नक्कल करता करता जन्मला.

ऑगस्टमधले अंडे

दरम्यान पाडुआ इथे फाब्रिशियसने पिल्लाच्या वाढीची चित्रे काढली. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याचा शिष्य विल्यम हार्वी, ज्याला आपण रक्ताभिसरणासाठी ओळखतो, त्याने पुन्हा रोज एक अंडे फोडायला सुरुवात केली. १६५१ साली त्याचा प्राणिजननावरचा ग्रंथ निघाला. बलकावर जो पांढरट ठिपका असतो, त्यातूनच पिल्लू घडते, हे हार्वीने दाखवले. त्याआधी या ठिपक्याला कोणी फारसे मोजत नसे. पिल्लाचे अवयव एकामागून एक नव्याने घडत जातात, असे हार्वीचे म्हणणे होते.

मार्चेल्लो माल्पीगीकडे सूक्ष्मदर्शक होता, हार्वीच्या डोळ्यांना ती मदत नव्हती. माल्पीगीने बोलोन्याहून लंडनच्या रॉयल सोसायटीला अंड्यातील पिल्लाच्या घडणीवर निबंध पाठवला. तो १६७३ साली छापला गेला. त्यातली चित्रे पाहून आजही आम्हांला त्याच्या हाताचा हेवा वाटतो. पण त्यात एक निरीक्षण असे होते की त्याने पुढची शंभर वर्षे गोंधळ घातला. कोंबडीखाली अजून ठेवलेच नव्हते अशा ताज्या अंड्यात माल्पीगीला पिल्लाची बाह्यरेषा दिसली! न उबवलेल्या अंड्यात जर पिल्लू असेल, तर ते घडते असे म्हणण्यात अर्थ काय? ते आधीपासूनच आत आहे, फक्त मोठे होते. माल्पीगी स्वतः जपून बोलत होता, पण इतरांनी या निरीक्षणावर मोठा डोलारा उभारला. प्रत्येक जीव आपल्या आधीच्या जीवात सूक्ष्मरूपाने तयारच असतो, असे मत त्यातून बळकट झाले.

आता निबंध नीट वाचला तर माल्पीगीने एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवलेली दिसते: महिना ऑगस्टचा होता आणि उकाडा फार होता.

खुडूक कोंबडीची जी सवय हिपॉक्रेटीसच्या प्रयोगाला उपयोगी पडते ती इथे लक्षात घेतली पाहिजे. कोंबडी साधारण रोज एक अशी दहा-बारा अंडी घालते, आणि सगळी झाल्यावर बसते. मग पहिले अंडे शेवटच्यापेक्षा दहा-बारा दिवस जुने असूनही पिल्ले एकदमच कशी निघतात? कारण अंडे कोंबडीच्या पोटात सुमारे एक दिवस असताना गर्भाची वाढ सुरू होते, आणि बाहेर पडून गार झाले की ती थबकते. अंदाजे २० अंश सेल्सियसच्या खाली वाढ थांबलेली असते, गर्भ मरत नाही. ऊब मिळताच तो पुढे निघतो. मात्र हवा या मर्यादेच्या बरीच वर गेली तर कोंबडी न बसताही वाढ हळूहळू सुरू होते. इटलीतल्या ऑगस्टने माल्पीगीच्या अंड्यावर कोंबडीचे काम थोडेसे केले होते. ज्याला त्याने आरंभ समजले, तो आरंभ नव्हताच.

आपल्याकडे वैशाखात अंडी लवकर नासतात त्याचे एक कारण हेच. पस्तीस-चाळीस अंशांच्या घरात ठेवलेल्या फलित अंड्यात गर्भ धड वाढत नाही आणि धड थांबतही नाही, अर्ध्या वाटेत मरतो. बसवायची अंडी जाणत्या बायका गार जागी, माठाजवळच्या ओल्या वाळूत ठेवतात ते उगाच नव्हे. आणि याच कारणाने आम्ही प्रयोगशाळेत गर्भाचे वय तासांत सांगण्यावर फार विसंबत नाही. १९५१ साली हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पिल्लाच्या वाढीचे ४६ टप्पे ठरवून दिले. किती तास झाले हे न विचारता कोणता अवयव कुठवर आला हे पाहायचे. दोन अंडी एकाच वेळी पेटीत ठेवली तरी दोन्ही एकाच टप्प्यावर असतील याची खात्री नसते. माल्पीगीचा ऑगस्ट तिथेही आडवा येतो.

रेओम्यूरचा तापमापक

अग्नीची ऊब आणि देहाची ऊब वेगळ्या जातीची का, या प्रश्नाचा निकाल फ्रान्समध्ये रेओम्यूरने लावला. हा मनुष्य कीटकांपासून पोलादापर्यंत सगळ्यात रस घेणारा. पाणी गोठते तिथे शून्य आणि उकळते तिथे ८० अंश, अशी तापमापकाची मोजणी त्याने रूढ केली. हा तापमापक त्याने बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली सरकवला. आकडा आला सुमारे ३२, म्हणजे आपल्या मापाने ४० अंश. मग प्रश्न सोपा झाला: एवढाच आकडा दुसऱ्या कशाने तरी आणून दाखवायचा.

त्याने पिंपे घेतली, ती घोड्याच्या लिदीच्या ढिगात पुरली आणि आत अंडी ठेवली. आकडा बरोबर, तरी गर्भ मेले! इथे ॲरिस्टॉटलचा अनुयायी विजयी मुद्रेने हसला असता. रेओम्यूरने मात्र कारण शोधले. लिदीतून निघणारी दमट वाफ लाकडातून आत शिरत होती. पिंपांना आतून गिलावा केल्यावर ती अडली आणि पिल्ले निघू लागली. पुढे पाव भाजायच्या भट्टीवरच्या खोलीतही त्याने पिल्ले काढली. १७४९ साली त्याचे पुस्तक आले. ते त्याने शेतकऱ्यांसाठी लिहिले होते, म्हणून तापमापक नसलेल्यांची सोयही त्यात आहे. लोणी आणि चरबी यांचे ठरावीक मिश्रण बाटलीत घालून अंड्यांशेजारी ठेवायचे. ते वितळून पातळ झाले की ऊब पुरेशी. बेर्मेच्या पापणीला हा चांगला पर्याय होता, आणि तो गुप्तही नव्हता.

ऊब ती ऊब. कोंबडीची, लिदीची, भट्टीची, कशाचीही. जीव घडवणारी वेगळी उष्णता नाही, हे आता दिसले होते. आमच्या मते गर्भविज्ञानाच्या इतिहासात रेओम्यूरला मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी. बहुतेक पुस्तकांत तो कीटकांच्या प्रकरणात भेटतो.

पुढच्या घडामोडी थोडक्यात सांगतो. १७५९ साली वोल्फने दाखवले की पिल्लाच्या रक्तवाहिन्या आधी नसतात, त्या घडतात. हार्वीचे म्हणणे सूक्ष्मदर्शकासह परत आले. १८१७ साली क्रिस्टियान पांडरने वुर्त्सबुर्ग इथे दोन हजारांहून अधिक अंडी फोडून गर्भाचे तीन थर ओळखले, ज्यांतून सगळे अवयव निघतात. या कामाची खरी अडचण शास्त्रीय नव्हती. इतकी अंडी विकत घेणे, उबवणपेटीवर दिवसरात्र माणूस ठेवणे, चित्रकाराला पैसे देणे हे सगळे महाग होते. काम आधी त्याच्या मित्राच्या, फॉन बेअरच्या मनात होते. पण बेअरकडे पैसा नव्हता आणि पांडर सधन घरचा होता, म्हणून बेअरने ते त्याच्याकडे सोपवले. बेअरने नंतर तेच सूत्र पुढे नेऊन १८२८ साली आपला मोठा ग्रंथ लिहिला. हीच परंपरा पुण्यापर्यंत आली. एडिंबरोला वॉडिंग्टनच्या संस्थेत १९५० च्या दशकात कोंबडीच्या गर्भावर काम केलेल्या डॉ. लीला मुळहेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात या विषयाची शाळा उभी केली.

ऊब पुरते का?

रेओम्यूरच्या पुस्तकानंतर पुष्कळांनी पेट्या बनवल्या, आणि पुष्कळांची निराशा झाली. आकडा बरोबर ठेवूनही निम्मी अंडी फुकट जात. कोंबडीच्या पाटीतली मात्र बहुतेक फुटत. म्हणजे कोंबडी आणखी काहीतरी करत होती.

एक तर ती अंडी फिरवते. दिवसातून अनेकदा उठून, चोच अंड्याखाली घालून ती अंडे आपल्याकडे ओढते. मधली कडेला जातात, कडेची मधे येतात. यामुळे ऊब सारखी मिळते हे रोमनांनाही ठाऊक होते. पण पेटीत ऊब सगळीकडे सारखी असली तरी न फिरवलेली अंडी मरतात. बलक पांढऱ्यापेक्षा हलका असतो, तो गर्भासकट वर तरंगत येतो आणि कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटू शकतो. शिवाय गर्भाभोवती पसरणारी रक्तवाहिन्यांची पिशवी, जी पिल्लाचे फुप्फुस म्हणून काम करते, ती न फिरवलेल्या अंड्यात पुरती पसरत नाही, आणि पांढऱ्यातले अन्न पिल्लाला नीट पोचत नाही.

दुसरी गोष्ट हवा आणि पाणी. अंड्याच्या कवचाला सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रे असतात. १९७० च्या दशकात हर्मन राह्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला. साठ ग्रॅमचे अंडे एकवीस दिवसांत सुमारे ६ लिटर ऑक्सिजन आत घेते, ४.५ लिटर कार्बन डायऑक्साइड आणि ११ लिटर पाण्याची वाफ बाहेर टाकते. अकरा लिटर वाफ म्हणजे जेमतेम नऊ ग्रॅम पाणी. पण तेवढे गेलेच पाहिजे. ते गेले की अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी मोठी होते, आणि विसाव्या दिवशी पिल्लू आपला पहिला श्वास त्या पोकळीत घेते. पाणी कमी गेले तर पोकळी लहान राहते, जास्त गेले तर पिल्लू पापुद्र्यात सुकून अडकते. रेओम्यूरच्या पिंपातल्या दमट वाफेचे कोडे इथे पुष्कळसे सुटते. कोंबडीच्या पिसांखाली मात्र हा दमटपणा बेताचा राहतो.

तिसरी गोष्ट आवाज. पिल्लू कवच फोडण्याआधीच आतून आवाज करते हे ॲरिस्टॉटलने ऐकले होते. १९६० च्या दशकात मार्गारेट व्हिन्सने लावा पक्ष्यांवर दाखवले की एकमेकांना टेकलेल्या अंड्यांतली पिल्ले टकटक आवाजाने एकमेकांना जणू वेळ कळवतात. मागे राहिलेली घाई करतात आणि सगळी जवळजवळ एकदमच बाहेर येतात. कोंबडीच्या पिल्लांत हा परिणाम इतका ठळक नाही. पण शेवटच्या दिवशी पाटीजवळ कान नेला तर आतली चिवचिव आणि वरची खुडखुड यांचे उत्तर-प्रत्युत्तर आपल्याला स्वच्छ ऐकू येते.

आणि हे सगळे करताना कोंबडी स्वतः काय करते? जवळजवळ उपाशी राहते. दिवसातून एकदा थोडा वेळ उठते, दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत लोळते आणि परत येते. ब्रह्मदेशी रानकोंबड्यांवरच्या १९८० सालच्या अभ्यासात घरट्याला लागूनच अन्न ठेवले, तरी बसलेल्या कोंबड्यांनी ते फारसे खाल्ले नाही आणि वजन उतरू दिले. तिच्या पोटावरची पिसे विरळ होतात, तिथल्या कातडीत रक्त अधिक खेळते. या साऱ्यामागे मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून येणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक आहे. सस्तन प्राण्यांत दूध आणणारे तेच. १९३५ साली ऑस्कर रिडल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते टोचले आणि त्या खुडूक बसल्या. अंड्यांचा पोटाला होणारा स्पर्श हे संप्रेरक चढते ठेवतो, घरट्यापासून दूर केले की ते उतरते. पाटीतून हाकलून पाण्यात बुचकळणाऱ्या आजीबाईंचा उपाय त्यामुळेच लागू पडतो. नाकातल्या पिसाबद्दल मात्र आम्ही काही बोलत नाही.

पेटी जिंकली

१८७९ साली कॅलिफोर्नियातल्या पेटालूमा गावी लायमन बायस याने व्यवहारात टिकणारी उबवणपेटी बनवली आणि ते गाव अंड्यांसाठी प्रसिद्ध झाले. तापनियंत्रक, पाण्याचे भांडे, वायुवीजन, आणि पुढे आपोआप कलणारे तबक. कोंबडीचे एकेक काम पेटीने उचलले. १९१८ पासून अमेरिकेत एका दिवसाची पिल्ले टपालाने जाऊ लागली. पिल्लू बाहेर येण्यापूर्वी उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि दोन-तीन दिवस त्यावर काढते. आधी निघालेल्या पिल्लांना, उरलेली अंडी फुटून आई उठेपर्यंत, थांबता यावे म्हणून ही शिदोरी. ती टपालखात्याच्या कामी आली.

आता खुडूक बसणारी कोंबडी तोट्याची ठरली. बसली की अंडी बंद, एकवीस दिवस बसण्यात आणि मग काही आठवडे पिल्ले सांभाळण्यात जातात. जी बसत नाही तिचीच पिल्ले पुढे वाढवायची, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालला. व्हाइट लेगहॉर्न ही जात त्याचे ठळक उदाहरण. तिला अंडी दिली तर ती बहुधा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पेटीशिवाय तिचा वंश चालणार नाही.

मग ते बसणे गेले कुठे? याचे अर्धे उत्तर पेटालूमाच्याही आधीचे आहे. न बसणाऱ्या जाती युरोपात पूर्वीही होत्या: स्पॅनिश, हॅम्बर्ग, पोलिश. १८६८ साली डार्विनने पाळीव प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात एक विलक्षण गोष्ट नोंदवली. न बसणाऱ्या दोन जातींचा संकर केला की त्यांची संतती पुष्कळदा खुडूक बसते, आणि चांगली चिकाटीने बसते! आई बसत नाही, बापाच्या जातीतली बसत नाही, लेक बसते. पुढे बराच काळ असा समज होता की हा गुण लिंगसूत्रावरच्या एका जनुकावर आहे. लेगहॉर्न आणि बँटम यांच्या संकरांवर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो मोडला. जनुके इतर गुणसूत्रांवर आहेत आणि ती निदान दोन आहेत, एक बसवणारे आणि दुसरे अडवणारे, असा त्याचा निष्कर्ष आहे.

आपल्या वाचकांपैकी ज्यांची शाळा खेड्यात आहे त्यांना वारोची परीक्षा वर्गाला सहज दाखवता येईल. दुकानातली अंडी नकोत, ती फलित नसतात. ज्या घरी कोंबडा आहे तिथली, खुडूक कोंबडीखाली सात दिवस राहिलेली अंडी संध्याकाळी, कोंबडी दाणे टिपायला उठते तेव्हा, अंधाऱ्या खोलीत बॅटरीसमोर धरावीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे एक हलणारा ठिपका दिसेल. दहा मिनिटांत अंडी परत ठेवावीत. अठराव्या दिवसानंतर मात्र हात लावू नये. आणि त्याच खेड्यात विचारून पाहावे: भरपूर अंडी देणाऱ्या सुधारित जातीची पिल्ले घरी काढायची असतील तर लोक काय करतात? अंडी त्या कोंबडीची घेतात, आणि शेजारची गावठी खुडूक बसण्याची वाट पाहतात.